निंबाखालची घळ

जळगाव,
ता. ६ सप्टेंबर १९८८

ती. आबांच्या पायांशी कुंदाचा नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. ते लिहून देणाऱ्या भिकन पोस्टमनदादांनाही नमस्कार सांगा. मी सुखरूप आहे. वसतिगृहातल्या भाजीला चव नसते, पण आईला कळवू नका. ती शिरपूरच्या एस.टी.तून पुन्हा लोणच्याची बरणी धाडेल आणि पुन्हा कंडक्टरची पिशवी तेलकट होईल.

घळीने यंदा आपल्या निंबाची मुळे उघडी पाडली, हे वाचून जीव घाबरला. निंब पडण्याआधीच तोडून नव्या खोलीची चौकट करायची आणि घळ केळीच्या खोडांनी बुजवायची, असे तुम्ही लिहिता. आबा, थोडे थांबाल का? आम्हाला भूगोलात सध्या हेच शिकवतात. तापीकाठची आपली जमीन म्हणजे नदीने हजारो वर्षे आणून टाकलेला गाळ. आत दगड नाही, म्हणून पाणी तिला सुरीसारखे कापते. निंबाची मुळे निदान तेवढी माती धरून आहेत.

खरे सांगते, हे मी अभ्यासातून लिहिते की अक्षय्यतृतीयेला आखाजीचा झोका त्याच फांदीला बांधतो म्हणून, ते माझे मलाच ठरवता येत नाही. म्हणून सरांना विचारते. तोवर कुऱ्हाड लावू नये, एवढे मागणे.

तुमची कुंदा


ता. २० सप्टेंबर १९८८

चि. कुंदास तोतारामचे आशीर्वाद. लिहिणार भिकन.

इकडे सर्व खुशाल. म्हशीला पारडी झाली. लोणच्याची बरणी उद्याच्या गाडीने येते, कारण पत्र वाचले तेव्हा तुझी आई शेजारीच बसली होती.

चौकटीला घाई नाही, निंब राहू देतो. पण घळ मी भरली. गाड्याच्या गाड्या खोडे टाकली, वर माती लोटली. परवा पाऊस आला आणि सगळी खोडे तरंगत तापीत गेली. शेजारच्या शेताचा भाईदास काठावर उभा होता. आता गावभर सांगत फिरतो की तोतारामनी तापीमायले केळीना निवद धाडा, पण घड मात्र घरी ठेवले.

तुझी आई म्हणते, नदीनेच जमीन दिली, नदीच नेते, माणसाने काय करावे? मी म्हणतो, नेऊ दे. पण माझ्याच बांधापासून का? भाईदासच्या शेताला घळ नाही. माझ्यावर नदीचा काय राग, ते तुझ्या सरांना विचार.

जिवाला जपून राहा.

ता. क. भिकनचा : आबा तुझे पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतात. हे लिहू नको म्हणाले होते.


जळगाव,
ता. २७ नोव्हेंबर १९८८

ती. आबांच्या पायांशी कुंदाचा नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला दिवाळीत घरी आले तेव्हाच दिसले होते. तोंडाने बोलवेना. भिकनदादा, हे पत्र कृपा करून ओट्यावर वाचू नका, घरात वाचा.

सर म्हणाले, घळ वाढते ती माथ्याकडून. पाणी काठावरून खाली पडते, खालची माती पोखरते, मग वरचा काठ ढासळतो आणि घळ तेवढी शेतात सरकते. मुळे माती धरतात हे मी लिहिले ते अर्धेच खरे होते. खालून मातीच गेली तर मुळे काय धरतील?

आबा, पाडव्याच्या सकाळी मी केळीच्या पाटाने शेवटपर्यंत चालत गेले. उरलेले पाणी तुम्ही निंबाकडे सोडता. थोरल्या रुक्माताईच्या जन्माला लावलेला निंब, त्याची सावली दाट राहावी, लेकी आखाजीला माहेरी आल्या की झोक्यावर ऊन लागू नये, म्हणून. पण ते पाणी निंबाशी थांबत नाही, घळीत पडते. पावसाळ्यात अख्ख्या रानाचे पाणी त्याच वाटेने धावते. भाईदासकाकांचा कापूस कोरडवाहू, त्यांच्याकडे पाटच नाही. नदीचा तुमच्यावर राग नाही. घळीला पाणी आपणच पाजतो.

पाट आतल्या अंगाला वळवावा, माथ्यावर मातीचा बांध घालावा, उतारावर गवत लावावे, असे सर म्हणतात. लहान तोंडी मोठा घास झाला. तुमची माया आहे, ती हे पत्र वाचून झाल्यावरही असू द्यावी.

तुमची कुंदा


ता. १६ जानेवारी १९८९

चि. कुंदास आशीर्वाद.

पत्र ओट्यावरच वाचले. भिकन नको म्हणत होता, मीच वाच म्हणालो. वाटले, सरांनी काही चांगले कळवले असेल. भाईदास तिथेच विडी ओढत होता. म्हणाला, पोर कालेजमां गई आनि बापनं पानी तोडं.

मी रागावलो. खोटे कशाला लिहू? काही दिवस पाट तसाच वाहू दिला. मग तुझ्या आईने भाकर वाढता वाढता एवढेच विचारले, पोर खोटं बोलनी का? दुसऱ्या दिवशी पाटाने चालत गेलो. तू गेलीस तसाच, शेवटपर्यंत.

पाट वळवला. बांध घातला. निंबाचे पाणी मात्र सर्वांत शेवटी तोडले. वीस वर्षे पाजले होते. वाटायचे, मी जगवतो.

संक्रांतीचा तीळगूळ पाठवला आहे. माया कुठे जात नाही.


ता. २० ऑगस्ट १९८९

चि. कुंदास आशीर्वाद.

भिकन लेकीच्या लग्नासाठी रजेवर होता, म्हणून आखाजीचे लिहायचे राहिले. तू परीक्षेमुळे नव्हतीस. रुक्मा साक्रीहून आली. आई म्हणाली, यंदा झोका नको, मुळे उघडी आहेत. मग मीच आधी झोक्यावर बसून पाहिले. जरा जास्त वेळ पाहिले. भाईदासने सगळ्या गल्लीला बोलावून आणले, आणि रुक्मा ओरडत होती की आबा, उतरा आते, मना नंबर शे.

आता पावसाचे. श्रावणात तीन दिवस झड लागली. उघडीप होताच मी आणि तुझी आई घळीवर गेलो. बांध एका जागी फुटला होता, तो पुन्हा घातला. काठ जिथे होता तिथेच आहे. गवत आले आहे. निंबाला पाण्यावाचून काहीच झाले नाही, उलट नवी पालवी आहे, त्याचा मला थोडा राग आला.

काल भाईदास विचारत होता, बांध केवढा रुंद घालावा. तो आता विहीर खोदतो आहे, पाट काढणार आहे. मी म्हणालो, माझ्या पोरीला पत्र टाक.

नवी खोली झाली. चौकट बाभळीची केली.

सुट्टीत ये.

तुझा आबा