शेगडीचं बटण

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज हिने मला काडीपेटी फेकून मारली. डाव्या हाताचा नेम चांगला आहे अजून.

सकाळी नळावर पाणी भरायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर ही शेगडीसमोर उभी. पेटी हनुवटीखाली दाबून धरलेली, डाव्या हातात काडी. पायाशी मोडलेल्या काड्यांचा सडा. "अगं, मला हाक मारायचीस," म्हणालो आणि जीभ चावली. हाक कुठून मारणार! झटका आल्यापासून पाच महिने हिच्याजवळ एकच शब्द उरलाय – हो. भूक लागली? हो. दुखतंय का? हो. नको असलं तरी हो. उजवा हात नुसता लटकतो. लिहिता येत नाही, अक्षरंच ओळखू येत नाहीत. डोकं मात्र शाबूत आहे, डॉक्टर म्हणाले. मला ते सांगायला डॉक्टर नको होता.

लायटर आहे. पण एका हाताने नॉब फिरवायचा, दुसऱ्याने लायटर मारायचा. दुसरा आणायचा कुठून?

दुपारी लेकीचा फोन. शनिवारी, चौदाला येतेय. "बाबा, आईने एकटीने एक कप चहा करून दाखवू दे. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर तिला मी घेऊन जाते. तुम्ही अंगणाएवढ्या गाडीत तिचं कुठवर करणार?"

अंगणाएवढी कुठली, ओसरीएवढीसुद्धा नाही. पण घर विकून ही राहायची गाडी घेतली ती हिच्याच हौसेने. चार वर्षं फिरलो. आता दवाखान्याजवळच्या या मैदानात चाकं रुतून बसलीत. झटक्याआधी रोज पहिला चहा हिच्या हातचा असायचा. माझ्या आधी उठायची, मला कप हातात द्यायची. तेवढं परत आलं तर ही राहील.

अकरा दिवस आहेत.

४ नोव्हेंबर, बुधवार

तेहतीस वर्षं लिफ्टची बटणं बसवली. एक शेगडीला बसवता येऊ नये?

बाजारातून दाबून ठिणगी पाडणारं बटण आणलं. स्प्रिंगचं. सेल लागत नाही, बिघडत नाही. हिच्या हातात दिलं. हिने दाबलं, अंगठ्याचं नख पांढरं पडलं, दात आवळले – ठिणगी नाही. पुन्हा दाबलं. मग बटण गादीवर ठेवून माझ्याकडे पाठ केली.

आधी हिचा अंगठा बघायला हवा होता. बटण बघत बसलो.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! सेलवर चालणारं आणलं. नुसतं बोट टेकलं तरी चालतं.

सगळा दिवस गेला. शेगडी ओट्यातून वर काढायची तर मागच्या पाइपचा सांधा सोडावा लागला. पत्र्याला भोक पाडलं. ठिणगीची चिनीमातीची कांडी बर्नरच्या कडेला बसवली, मध्ये दोन नाण्यांच्या जाडीएवढं अंतर. वायर गरम भागापासून लांब फिरवली. बटण डाव्या बाजूला, नॉबच्या शेजारी, म्हणजे हात तिथल्या तिथे. शेगडी जागेवर ठेवली, सांधा आवळला. हुंगून पाहिलं, काही नाही. साबणाचं पाणी लावून फुगे बघत बसणं हे नवशिक्यांचं काम. कामावर मला 'नाकवाले' म्हणायचे. वरच्या मजल्यावर मोटर जळायला लागली की मी तळमजल्यावरून सांगायचो. मीटर लावून बघणारे मागाहून यायचे.

हिला उभं केलं. नॉब, मग बटण. टिक टिक टिक – भप्प! निळी ज्योत. ही हसली. अर्धंच तोंड हसतं, पण हसली. मी मान फिरवून स्क्रू वेचत बसलो.

७ नोव्हेंबर, शनिवार

सरावाचा पहिला दिवस. तीनदा पेटवली. दुपारी मी दूध ठेवून वायरीला क्लिपा मारत बसलो आणि दूध करपलं. पातेलं काळं ठिक्कर. ही लंगडत आली आणि शेगडी बंद केली. माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी घर पेटवलं. एवढं काय! माणूस कामात गुंग होतो.

चहाला चव नाही. मागच्या थंडीत तापाने पडलो होतो तेव्हापासून ही पत्ती अशीच. दुसरी आणायला हवी.

८ नोव्हेंबर, रविवार

पेटेना. ठिणगी पडतेय, ज्योत नाही. कुठे माशी शिंकली?

नवं काम केलं की दोष नव्या कामातच शोधायचा, हा माझा नियम. कांडी जवळ घेतली, लांब केली. पत्र्यावरचा रंग खरवडून अर्थिंग घेतलं. दुपार झाली, पोटात कावळे. शेवटी सिंकखालचं कपाट उघडलं – सिलिंडरचा नॉबच बंद! मीच केला असणार. स्वतःलाच हसलो. पुन्हा उघडला, पेटली.

हिला काय झालंय कळत नाही. या थंडीत खिडकी सताड उघडी टाकते. मी लावतो, ही उघडते.

९ नोव्हेंबर, सोमवार

सिलिंडर पुन्हा बंद. यावेळी मी नव्हतो, शपथेवर सांगतो.

लक्ष ठेवलं. मी बाहेर गेल्याचं सोंग केलं आणि खिडकीतून पाहिलं. ही जमिनीवर बसली, बसायलाच तिला किती वेळ लागला, कपाटात हात घातला आणि नॉब फिरवला. मी आत आलो. "हे तू करतेस?"

"हो."

"का?"

"हो."

या 'हो'पुढे हात टेकले.

११ नोव्हेंबर, बुधवार

काल दोनदा, आज दोनदा. मी उघडतो, ही बंद करते. आज बटणावर बोट नेलं तर माझ्या हातावर फटका मारला. मग बाही धरून दाराकडे ओढत नेलं. स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसली, गारठ्यात, शालसुद्धा नाही. आत यायला तयार नाही.

आता कळलं. हिला परीक्षाच द्यायची नाही. लेकीकडे जायचंय. गरम पाणी, मोठी खोली, नातवंडं. सांगता येत नाही म्हणून असं दाखवतेय. मी इथे वेड्यासारखा अर्थिंग घेत बसलोय.

कपाटाच्या दोन्ही मुठी तारेने बांधून टाकल्या. बघू आता.

संध्याकाळी

तार सुटलेली. पिळावर दातांच्या खुणा.

नॉब बंद.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

हे लिहायचं नव्हतं. पण इथे नाही लिहिलं तर कुठेच राहणार नाही.

सकाळी नॉब उघडत होतो. ही मागून आली आणि हात मध्ये घातला. माझं डोकं फिरलं. मनगट धरलं. चांगलं, एकुलतं एक चालणारं मनगट. पिरगाळलं नाही, पण धरलं ते सोडलंच नाही. ओरडलो, "जायचंय ना तुला? जा! माझ्या केल्या कामावर पाणी कशाला ओततेस?" ही रडली नाही. नुसती "हो, हो, हो, हो" करत राहिली. तोंडाला फेस येईपर्यंत.

दुपारी मनगटावर माझी चार बोटं उमटली होती. एकोणचाळीस वर्षांत हात उगारला नव्हता.

लेकीला फोन केला. म्हटलं, चहाबिहा काही नको, येऊन आईला घेऊन जा. तिने विचारलं, "काय झालं बाबा?" म्हटलं, "मला जमत नाहीये." हे खोटं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग भरली. दिवसभर ब्रेड आणि केळी. शेगडीला हात लावला नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

गेली.

लेकीला म्हटलं, आत येऊ नकोस, चिखल आहे, फाटकापाशीच थांब. आईला मीच आणतो. खरं म्हणजे तिने गाडीत पाऊल टाकावं, करपलेलं पातेलं आणि कपाटाला लटकणारी तार पाहावी, हे नको होतं. मनगट तर तिने पाहिलंच. आईच्या बाहीचं बटण लावलं फक्त.

ही मोटारीत बसेना. अर्धी आत, अर्धी बाहेर. मग एकदम माझं नाक चिमटीत धरलं आणि गदागदा हलवलं. लेक हसली, "बघा, आई थट्टा करतेय तुमची."

थट्टा नव्हती. डोळ्यांत पाणी आलं एवढं दुखलं. मनगटाची फेड असेल, म्हणून नाक सोडवून घेतलं नाही. मोटार वळली तेव्हा ही मागच्या काचेला हात लावून होती, आणि माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होती.

परत आलो. सिलिंडर उघडला. दार लावलं, खिडकी लावली. आता बंद करणारं कोणी नाही आणि उघडणारंही कोणी नाही. पाहिजे होती ती शांतता मिळाली. चहा करायची इच्छाच होईना. बटण इतकं सुबक बसलंय, शेजारी तिच्यासाठी खाच केली होती, अंगठा घसरू नये म्हणून.

१५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी डोकं जड होतं. चहा ठेवला, नॉबकडे हात नेला तेवढ्यात दार उघडलं. मैदानाचा रखवालदार. ठोठावलं नाही, काही नाही, दंडाला धरून मला चिखलात ओढलं. "अहो, गॅस! फाटकापासून वास येतोय. तुम्हाला येत नाही?"

नाही.

त्याने दारं-खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. बऱ्याच वेळाने घटकाभर उघडून साबणाचं पाणी लावलं. मी आवळलेल्या सांध्यावर फुगे आले. मग त्याने पत्तीचा डबा माझ्या नाकाशी धरला. मग रॉकेलची बाटली. दोन्ही सारखेच, काहीच नाही.

लेकीला फोन लावला. म्हटलं, आईच्या कानाला धर. विचारलं, "तुला वास येत होता ना गं?"

"हो," म्हणाली.