तेलोन टेबलावरून कशी उतरली

सालातिगा,
२१ जुलै १९९७

ती. कासिराह वन्संस,
मुर्तिनाहचा स. न. वि. वि. (तुमचं पत्र वाचल्यावर यातल्या सप्रेमाची खात्री देववत नाही, तरी रीत म्हणून लिहिते.)

...चूल पेटवली, तांदूळ तीन पाण्यांतून काढले, मिरच्या वाटल्या, टोपलीतले दोन खारवलेले मासे तळायला टाकले. तुमचे भाऊ टेबलाशी कालचं वर्तमानपत्र घेऊन बसले होते आणि तेलोन त्यांच्या कोपराशी, टेबलावर, पाय पोटाशी घेऊन. त्यांनी माशाचं डोकं मोडून तिच्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, मांजर टेबलावर नको. तर म्हणाले, ती वाचते आहे, मध्ये बोलू नकोस. अशी एक सकाळ, एवढंच. ती आठवली, कारण तुमच्या मते सगळा बिघाड तिथूनच झाला.

मांजराला टेबलावरून कसं उतरवावं याचं तुम्ही पाठवलेलं मासिकाचं कात्रण अक्षर न् अक्षर वाचलं. शाळेत हे शिपाई होते, तिथली रद्दीत निघालेली पुस्तकं वाचून मी वाचायला शिकले, पण इतकं पोकळ लिखाण त्या रद्दीतही नव्हतं. लिहिणारीने मांजर पाळलेलं नाही, आणि स्वयंपाकघरही बहुधा लांबूनच पाहिलं असावं. टेबलावर संत्र्याच्या साली पसरल्या. तेलोन त्यांच्यावर झोपली. चंदेरी कागद अंथरला. आवाज ऐकून ती दचकली, मग रोज मुद्दाम येऊन तो वाजवू लागली. झाकणांची उतरंड रचली. ती पडली तेव्हा दचकले मी. शेवटी इस्त्रीच्या बाटलीने पाणी मारलं. तिने नमाजाआधी वजूला तोंड धुणाऱ्या मौलवीसारखे डोळे मिटून घेतले आणि दुसरा गाल पुढे केला.

आणखी विद्या असेल तर पाठवा. तुमच्या जावईबापूंना सलाम. राग आला असला तरी माया आटू देऊ नये.

आपली,
मुर्तिनाह


सेमारांग,
२९ जुलै १९९७

चि. मुर्तिनाहस, अनेक आशीर्वाद, आणि थोडी अक्कलही सोबत पाठवते आहे.

तुझं पत्र जावयाला वाचून दाखवलं. तो हसला, मी हसले नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला धड भात शिजवता येत नव्हता, तो मी शिकवला. आता मांजर शिकवायची वेळ आली, तर मांजरच तुला शिकवतं आहे.

नीट ऐक. अठ्ठावीस ऑगस्टला दर्माजी जाऊन हजारावा दिवस. त्याच्या कबरीवर दगड बसणार, घरी प्रार्थना होणार, आणि त्याआधी दोन दिवस आळीतल्या वीस बायका तुझ्या स्वयंपाकघरात रांधायला येणार. त्यांनी माझ्या भावाच्या नावाचा भात मांजराच्या पावलांच्या टेबलावर वळायचा का? तेलोन अशुद्ध नाही हे मलाही ठाऊक आहे, मशिदीत सांगतात ते मीही ऐकते. पण केस तो केसच, भातात निघाला की सगळी आळी वर्षभर चघळेल.

मी सव्वीसला येते. त्या दिवशी ती टेबलावर दिसली, तर जावई तिला पोत्यात घालून लांबच्या बाजारात सोडून येईल. तिथे मासळीवाल्यांच्या पायांत अशी शंभर फिरतात, एकीने काही बिघडत नाही. पोतं मी घरूनच आणते आहे, तुझ्याकडे सापडणार नाही.

एक विचारते. मांजर उगाच चढत नाही. त्या टेबलावर तू ठेवतेस तरी काय?

तुझ्या भल्यासाठीच बोलते, हे मनात धरून असावं.

तुझी वन्सं,
कासिराह


सालातिगा,
५ ऑगस्ट १९९७

ती. वन्संस, स. न. वि. वि.

पोत्याबद्दल आभारी आहे. सगळे पाहुणे भेट म्हणून केळी आणतात.

तेलोन तुमच्या भावाची आहे. सायकलीची घंटा वाजली की ती अजून दाराशी जाते. घंटा पोस्टमनची असते हे तिला दर वेळी नव्याने कळतं. ह्या घरात त्यांची वाट पाहणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि तुम्ही तिला मासळीबाजारात टाकायला निघालात. माझ्याकडून लेखी घ्या, ती गेली तर पोत्याशेजारी मीही बसेन. जावईबापूंना मोटरसायकल मोठी लागेल.

आता तुमचा प्रश्न. टेबलावर मी काहीही ठेवत नाही. तेलाची बाटलीसुद्धा फळीवर असते. सूर्यास्ताच्या नमाजानंतर फक्त ह्यांचं ताट ठेवते. भात, एक मासा, गोड काळी कॉफी. ती आपली रीतच आहे, तीत तुम्हीही खोट काढणार नाही. सकाळी ताट स्वच्छ असतं, माशाच्या डोक्यासकट, आणि मी ते धुऊन ठेवते. ह्याविषयी तुम्ही काही लिहावं अशी माझी इच्छा नाही.

टेबलावर आता ओला गोणपाट घातला आहे. तो कोणा मासिकातला नाही, माझ्या डोक्यातला आहे. तोही तिला आवडला.

वाकडं बोलते, पण तुमच्याशिवाय बोलू कोणाशी, एवढं ध्यानात असू द्यावं.

मुर्तिनाह


सेमारांग,
११ ऑगस्ट १९९७

चि. मुर्तिनाहस, आशीर्वाद.

तुझी इच्छा नसताना लिहिते.

दर्माजीने जन्मात माशाचं डोकं खाल्लं नाही. लहानपणी आईने एकदा जबरदस्तीने भरवलं, तर विहिरीवर जाऊन थुंकून आला. तुझं ताट डोक्यासकट स्वच्छ होतं म्हणतेस. मग रोज कोण जेवून जातं ते मी सांगायला हवं का? इतकी पुस्तकं वाचलीस, त्यांतून एवढंही कळलं नाही?

पहिले चाळीस दिवस ताट ठेवलंस, ठेवायचंच असतं. शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मीही कॉफी ठेवते. पण रोज? पावणेतीन वर्षं? मेलेल्या माणसाला रोज टेबलावर बोलवायचं, आणि मांजराला मात्र वर येऊ नको म्हणून पाणी मारायचं. संत्र्याच्या साली काय करतील बापड्या. तेलोनला तूच शिकवलं आहेस, आणि छान शिकवलं आहेस.

हे लिहिताना मी हसत नव्हते, एवढं तुला कळावं. तब्येत सांभाळ. सव्वीसला येते.

कासिराह


सालातिगा,
३१ ऑगस्ट १९९७

ती. वन्संस, स. न. वि. वि.

सुखरूप पोचलात असं पोस्टमन म्हणाला. त्याला कसं कळलं कोण जाणे, पण तुमचा आवाज लांबवर जातो.

तुम्ही इथे होतात तेव्हा तोंडाने बोलता आलं नाही, ते लिहिते. तुमचं अकरा तारखेचं पत्र वाचलं आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. दोन दिवस तुम्हाला मनात जेवढी नावं ठेवता येतील तेवढी ठेवली. मी मूर्ख नाही. ताट कोण चाटतं हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पण माझ्या एकटीचं एक ताट धुतलं की सकाळ तिथेच संपायची. दुसरं धुवायला असलं की हात थोडे अधिक वेळ ओले राहायचे. म्हणून रोज मासा ठेवला, आणि रोज मांजराला रागावले. तुमच्या त्या मासिकवालीपेक्षाही हा शहाणपणा वरचढ.

सोळा तारखेला ताट ठेवलं नाही. तेलोन ठरल्या वेळी वर आली, उघड्या टेबलाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. ती तशीच बसून राहिली आणि मीही चुलीपाशी तशीच उभी राहिले. मग ती उतरली. पुढचे चार दिवस वर येऊन पाहून जायची. नंतर आली नाही. इतकंच करायचं होतं. तुमची विद्या, माझी विद्या, सगळी फुकट.

सव्वीसला तुम्ही येताच टेबलावरून बोट फिरवून पाहिलंत आणि एकही केस निघाला नाही, तेव्हा तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. ती टेबलावर नव्हतीच. तुमच्या उघड्या बॅगेत, नमाजाच्या पांढऱ्या झग्यावर झोपली होती. कात्रणात त्यावर काही उपाय असेल तर कळवा. पोतं तुम्ही इथेच विसरलात. परत मागू नका.

दगड सरळ बसला आहे. अक्षरं मी स्वतः वाचून पाहिली, एकही चुकलेलं नाही. आता त्यांच्या नावाने करायचं असं काही उरलं नाही. आजवर मी चुलीपाशी उभ्याउभ्याच जेवत होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. टेबल त्यांचं आहे असं वाटायचं.

भांडायला कोणी असावं लागतं. ते तुम्ही राहावं, आणि पुष्कळ वर्षं राहावं.

आपली,
मुर्तिनाह

ता. क. सगळे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी मी बाजारातून माशांची एक टोपली आणली. एक मासा तेलोनला अंगणात जमिनीवर घातला, आणि दुसरा टेबलाशी बसून मी खाल्ला.