रघुनाथची पदके आणि त्याचा टाक

मी महिपत रखमाजी शेलार, वय वर्षे सहासष्ट, रेल्वेतला निवृत्त सुतार, राहणार कल्याण, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते कायद्याला लागत नाहीत. अक्षरं मुलाच्या पाटीवरून उचलली, तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

१. दोन खोल्यांचं राहतं घर माझ्या स्वतःच्या कमाईचं. ते पुतण्या सुधीर यास. बायको गेल्यापासून त्याने मला एकटं जेवू दिलेलं नाही.

२. हत्यारं शेजारी धाकू यास. मोठा रंधा त्याने सात वर्षांपूर्वी नेला तो नेलाच. तोही दिला. आता तरी धार लावावी.

३. माझा एकुलता मुलगा लेफ्टनंट रघुनाथ सन १९४५ साली ब्रह्मदेशच्या लढाईत पडला. पुढे सरकारकडून टपालाने ताऱ्याच्या आकाराची दोन पिवळी पदके व एक पांढरं गोल पदक आलं. आमच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक घडवून देवांत बसवतात. माझी बायको कै. ठमाबाई म्हणाली, "त्याच्याच चांदीचा करू." पांढरं पदक रतन सोनाराने कसाला लावलं आणि मान खाली घातली. "काकू, ह्यात चांदी नाही." ठमा पदक पदरात बांधू लागली. तेव्हा तोच म्हणाला, "हे असंच जपा. चांदी मी घालतो." टाक घडवला, मजुरीही घेतली नाही. असे उपकार फिटत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

४. सून गोदा एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. तिचं दुसरं लग्न मीच शहाडच्या पोपटराव जगदाळे यांच्याशी लावलं. भावकीने वर्षभर आमच्याकडचं पाणी सोडलं. तहान त्यांची. तिन्ही पदके व टाक गोदास.

यावर सुधीर उसळला. "तात्या, टाक परक्या कुळात? देव घराबाहेर काढता?"

"अरे, रघूच्या आठवणीने आजही जिचा घास अडतो, ती परकी कशी?"

तरी देव्हारा पोपटरावांचा, म्हणून शहाडला जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "अहो बाबा, ते थोरले. आधी त्यांना नैवेद्य, मग मला ताट."

हे सुधीरला सांगितलं. आता शेजारी बसून म्हणतो आहे, "दसऱ्याला टाक उजळायला मी जाईन शहाडला. वहिनीला सांगा, चिंच मी आणतो."

तेही इथे लिहिलं. माझं सगळं वाटून झालं.

महिपत रखमाजी शेलार (सही)

साक्षीदार :
१. रतन मोतीराम पोतदार, सोनार (सही)
२. धाकू नाथा म्हात्रे (सही)

कल्याण, ता. १२ सप्टेंबर १९५४