टोपीवरची चाकं आणि खरी वाफ

श्रीगोंदा, २७ ऑक्टोबर

प्रिय प्रार्थना,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. पप्पा जेवलात का, झोप लागली का, आज घराबाहेर पडलात का, यातच फोन संपतो. म्हणून लिहितोय. जुन्या लॅपटॉपवर तू ठेवून गेलीस ते वाफेच्या यंत्रांचे गेम मी खेळलो. सगळे. साखर कारखान्याच्या बॉयलरवर सव्वीस वर्षं काढलेला माणूस आहे, तेव्हा माझं मत ऐकून घे.

ज्याचं सगळे कौतुक करतात, तो कुणाला सुचवू नकोस. टोपीला चाकं, बुटाला चाकं, आणि एकाही चाकाचा दाता दुसऱ्यात अडकत नाही. बॉयलरला पाणी दाखवणारी काचही नाही. असल्या बॉयलरवर मी चहासुद्धा ठेवला नसता. पण तो फेरीबोटीचा, 'ब्रास हार्बर', ज्याच्याखाली कुणीतरी 'फार संथ' एवढंच लिहून गेलंय, तो मात्र सगळ्यांना दे. त्यात थंड पाइपात एकदम वाफ सोडली की पाइप फुटतो. आधी साचलेलं पाणी काढावं लागतं. बनवणारा नक्की कुठल्यातरी बॉयलरपाशी उभा राहिलेला आहे. दुसरा त्या म्हाताऱ्या बाईचा, जी वाफेवर उडणारे पक्षी दुरुस्त करते. मारामारी नाही म्हणून त्याला कुणी विचारत नाही. तुझ्या आईला तो इतका आवडला की वांगी करपली.

खरं सांगू, पहिल्या दिवशी मी पाच मिनिटंही खेळलो नाही. बोटीनं शिट्टी दिली आणि मी लॅपटॉप मिटून अंगणात जाऊन बसलो. दोन वर्षांपूर्वी बॉयलरची नळी फुटली तेव्हा भाजलेली मान कधीच भरून आली, पण वाफेचा आवाज काही सहन होईना. मी कामावर जाणं सोडलं, आईनं कुकर माळ्यावर टाकला, हे तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून खेळलो. मग अगदी बारीक आवाजात, मग थोडा वाढवून. बोट कितीदा फुटली, पण मला काही होत नव्हतं, आणि ती पुन्हा बंदरात उभी असायची. महिन्याभरात मी पूर्ण आवाजावर आलो. शेजारच्या झुंबरबाई दारात येऊन विचारून गेल्या, "घरात गिरनी टाकली का काय?"

गेल्या गुरुवारी कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होतं, हंगामाआधी बॉयलर पेटवायचा कार्यक्रम. दोन वर्षं मी पाहुण्यारावळ्यांचं निमित्त सांगून टाळलं होतं. या वेळी गेलो. पूजा झाली, नारळ फुटला, आणि आमच्या बॉयलर हाउसच्या आप्पासाहेबांनी पलिता माझ्याच हातात दिला. "कृपादान, तुमीच पेटवा. लई दिस झालं." पेटवला. पण खरी भीती पुढची होती. काल दाब चढल्यावर जादा वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडवून पाहिला, सगळ्या आवाराच्या कानठळ्या बसल्या. मी जागचा हललो नाही. नंतर उसाच्या चिपाडांच्या, बगॅसच्या ढिगामागे जाऊन पोटभर रडलो. इतकं हलकं वाटलं की तिथंच बसून खिशातले दोन पेढे खाल्ले.

घरी येऊन आईला हे सांगितलं, तेव्हा ती बोलून गेली. तू राजीनामा लिहून ठेवलायस, मला सांभाळायला इकडे येणार आहेस, आणि वर म्हणतेस की आम्ही बनवलेले गेम तरी कोण खेळतं. बाळा, तो राजीनामा देऊ नकोस. सोमवारपासून मी ड्युटीवर जातोय. तुझ्यासारख्याच कुणीतरी कुठंतरी बसून बनवलेला, जगानं न विचारलेला एक गेम मी खेळलो, म्हणून जातोय.

तुझेच,
पप्पा