व्हरांड्यातली उपस्थिती

प्रति,
मा. उपविभागीय पोलीस अधिकारी,
तांबनळी विभाग, जि. सातारा.

अर्जदार : प्रमोदिनी आकाराम कणसे, ग्रंथपाल, रा. माधवनगर, जि. सांगली.

विषय : कै. आकाराम कणसे यांची चौकशी ‘वकिलांच्या उपस्थितीत’ झाली, हे आपल्या अहवालातील वाक्य काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या पहिल्या तक्रारीस मिळालेले आपले उत्तर, ‘तथ्य आढळून येत नाही’.

महोदय,

१. अर्जदाराचे वडील तांबनळीच्या पाणीपुरवठा संस्थेचे पंपघर सांभाळत. ठाण्यातून फोन आला त्याच्या आदल्या रविवारी अर्जदार गावी होती. बापलेक ओसरीवर ओल्या शेंगा निवडत होते. पातेल्यात मीठ किती टाकायचे यावर वाद झाला. “पमे, पुस्तकं वाचून मिठाचा अंदाज येत न्हाई,” असे ते म्हणाले आणि मीठ त्यांनीच टाकले. शेंगा खारट झाल्या. ते मान्य न करता त्यांनी सगळ्या खाल्ल्या. आपल्या अहवालात त्यांचा उल्लेख ‘संशयित इसम’ एवढाच असल्याने हेही कागदावर असावे.

२. त्याच रात्री नदीवरच्या पंपाची तांब्याची केबल चोरीस गेली. पंपघराचे कुलूप शाबूत होते आणि किल्ली वडिलांकडे होती. चौकशीला बोलावणे येताच अर्जदाराने सांगलीहून अ‍ॅड. श्रद्धा बेलवलकर यांना सोबत दिले व स्वतः गावी येऊन राहिली.

३. पहिल्या दिवशी वकीलबाई खोलीत बसल्या. सहायक निरीक्षक शंभूराज घार्गे यांचे वर्तन अनुकरणीय होते. “आवं आण्णा, खुर्चीत बसा की. च्या घ्या. ऊस गेला का?” अशी विचारपूस झाली. नंतर, अटक नाही तर वकील कशाला, असे म्हणून बाईंना व्हरांड्यात बसवण्यात आले. खिडकीच्या काचेतून त्यांना वडील दिसत होते, ऐकू येत नव्हते. त्याबरोबर खुर्ची गेली, चहा गेला, ‘आवं’ गेले. “काय रं म्हाताऱ्या, केबल काय पंख लावून उडाली?” असा तपास सुरू झाला. वडिलांनी हे घरी जेवताना सांगितले, तेही घार्गेसाहेबांची नक्कल करत.

४. एका दाराच्या अंतराने तपासाची भाषा इतकी बदलत असेल, तर अर्जदाराची नम्र सूचना आहे की ठाण्याने एक काळा कोट विकत घेऊन चौकशीच्या खोलीत खुंटीला कायम टांगून ठेवावा. कोट हरकत घेत नाही, टिपणे काढत नाही, आणि संपूर्ण चौकशीभर वकील हजर राहू शकत नाही ही कायद्यातली मर्यादाही त्याने मोडणार नाही. खालच्या हुद्द्यावरील कर्मचाऱ्यांसाठी नुसता वकिली गळ्यातला पांढरा बँड चालू शकेल.

५. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा व्हरांड्यात होत्या. आत वडिलांना सांगण्यात आले, “निर्दोष माणूस वकील आणतोय व्हय? तुझ्या पोरीलाच खातरी न्हाई, म्हणून तिनं आणला.” संपूर्ण तपासात अचूक जागी बसलेला हा एकमेव प्रश्न. रात्री हे सांगून वडील म्हणाले, “पमे, उद्या बाईंना नको पाठवू. वकील दारात दिसला की केलंय असंच वाटतं लोकांना.” थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “तुला काय वाटतं?” असे विचारले. अर्जदाराने त्यांना राज्यघटनेतील तरतूद समजावून सांगितली. वकील हा दोषाचा पुरावा नसून हक्क आहे, हे सोदाहरण सांगितले. वडिलांनी पूर्ण ऐकून घेतले आणि “झोप आता,” म्हणाले.

६. तिसऱ्या दिवशी ते एकटे गेले. अ‍ॅड. बेलवलकर त्या वेळी सांगलीच्या न्यायालयात दुसऱ्या प्रकरणात उभ्या होत्या. त्याच दिवशी वडिलांनी गुन्हा ‘स्वखुशीने’ कबूल केला व सही केली, असे आपला अहवाल म्हणतो, आणि पुढे लगेच ‘वकिलांच्या उपस्थितीत’ असेही म्हणतो. त्या खोलीत काय घडले, अर्जदाराला माहीत नाही. कॅमेरा दुरुस्तीस गेला होता, असे आपण कळवले आहे. कॅमेऱ्याची प्रकृती आता बरी असेल, अशी आशा आहे.

७. सही झाल्यावर अटक न करता सोडल्याने वडील घरी आले, जेवले नाहीत. पहाटे त्यांचे हृदय बंद पडले. पुढच्या महिन्यात केबल दुसऱ्या तालुक्यातील भंगारवाल्याकडे चोरांसह सापडली. ते पंपघराचे मागचे पत्रे उचकटून आत शिरले होते. कुलूप शाबूत असणारच. पत्रे पाहण्यास घार्गेसाहेबांना सवड मिळाली नव्हती.

८. पोलिसांपुढची कबुली न्यायालय पुरावा मानत नाही. गाव मानते. “कबूल केलं हुतं की त्यांनी, वकिलासमोर,” असे संस्थेच्या सभेत लोक अजून म्हणतात. तेव्हा सदर वाक्य काढावे, कबुली खोटी असल्याचे लेखी द्यावे, आणि ते पत्र आपल्या अधिकाऱ्याने त्याच सभेत वाचून दाखवावे. वाचणारे घार्गेसाहेब असल्यास बरे; सोबत हवा असल्यास त्यांनी वकील आणावा. अर्जदार त्यावरून काही अनुमान काढणार नाही.

९. अर्ज पाठवण्यापूर्वी अर्जदाराने तो वडिलांच्या घरी बसून मोठ्याने वाचला. मजकूर खरा आहे. पाचव्या परिच्छेदापाशी, “तुला काय वाटतं?” या प्रश्नावर आवाज थांबला, आणि अर्जात नसलेले उत्तर तोंडून निघाले. ते अर्जदाराचा जबाब म्हणून जसेच्या तसे नोंदवून घ्यावे :

“आण्णा, तुम्ही नाही केलंत. मला एकदाही वाटलं नाही.”

आपली,
प्रमोदिनी आकाराम कणसे
तांबनळी, १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : अ‍ॅड. बेलवलकर यांच्या चौकशीच्या तिसऱ्या दिवशीच्या न्यायालयीन हजेरीची प्रत.