स्कूटीवरचं पवित्र पाणी

रविवार, संध्याकाळ

ते पाणी डोक्यातून जात नाही. रॉबर्ट म्हणाला होता, फादरनी आपल्या दोघांना आशीर्वाद दिला तर मम्मीनं बघितलेल्या पोरीला नाही म्हणतो. फादर चिडले नाहीत, तेच लई वाईट. "एकेकटे या, देतो की. जोडीला नाही देता येत बाळांनो. लग्न बाई-पुरुषाचंच, चर्चची शिकवण आहे." मग त्यांना रॉबर्टची नवी स्कूटी दिसली. लगेच उभ्या-उभ्या प्रार्थना, वर पवित्र पाणी शिंपडलं. थोडं माझ्या हातावर उडालं. तो आशीर्वाद धरायचा का?

परत येताना सात रस्त्याच्या सिग्नलला मी मागच्या सीटवरून म्हणालो, "गाडीचं तरी झालं बघ."

रॉबर्ट हसला नाही. मागं न बघता म्हणाला, "मम्मीला हो सांगतो."

हात अजून धुतला नाही मी.