इंग्रजी अभंगाचा अर्थ

अण्णा, तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हांला कधी काही विचारायला आलो नाही. आज आलोय, कारण मी घाबरलोय. तुमची नात, जिला तुम्ही पाहिलंच नाहीत, सतरा वर्षांची आहे, बारावीला आहे, आणि गेले पंधरा-वीस दिवस खोलीचं दार आतून लावून एकच गाणं ऐकत होती. जेवायला हाक मारली की "नंतर" म्हणायची, आणि नंतर ताट तसंच परत यायचं. मैत्रिणींचे फोन उचलत नव्हती. बायको म्हणायची, वयच असलं आहे, तुम्ही उगाच डोक्यात घेऊ नका. पण ते गाणं कुठलं ते तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. ते माझंच गाणं आहे, अण्णा. पोर लहान असताना स्कूटरवर पुढे उभी करून तिला उत्तनला बोटी दाखवायला न्यायचो, तेव्हा वाटभर मीच ते गुणगुणायचो. चाल गोड आहे ना, म्हणून. मेला माझा गळा तेव्हाच बसला असता तर बरं झालं असतं.

तुम्हांला आठवत असेल ते गाणं. नवघरचं आपलं दोन खोल्यांचं घर, आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून, ओट्याला पाठ टेकून, अभ्यास करतोय असं दाखवत बसलेला. मित्राकडून आणलेली कॅसेट, आईचा टेप. आधी नुसती ढणढण गिटार, आणि मग एकदम सगळं थांबतं आणि तो एकटाच गातो. दार उघडं आहे, मी पाण्याकडे निघालोय, मागून हाक मारू नकोस, पलीकडे कुणीतरी दिवा घेऊन उभं आहे. एवढंच, पुन्हा पुन्हा. तुमच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला तुमच्या बाजूला उत्तनचे एक काका असायचे. त्यांनी तुमच्या डोक्यात भरवलं, "ती गाणी बरी न्हाय. कॅसेट उलटी फिरवली का सैतान बोलतो." त्या संध्याकाळी तुम्ही काळे हात न धुताच माझ्यासमोर उभे राहिलात आणि विचारलंत, कॅसेट उलटी कशी फिरवतात रे? मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "बरं, मग सुलटी काय बोलते ते तरी सांग."

आता तुम्ही म्हणजे दर गुरुवारी मारुतीच्या देवळात भजनाला बसणारे बुवा. तुमची रीत सगळ्या नवघरला पाठ होती. चरण अर्ध्यावर सोडायचा, डावा हात वर करून पखवाज थांबवायचा आणि अर्थ फोडून सांगायचा. सासू म्हणजे माया, विहीर म्हणजे देह, चोर म्हणजे काम-क्रोध. साधा शब्द तुमच्या हातात साधा राहायचा नाही. आई म्हणायची, ह्यांच्या हातात भाजीची यादी दिली तर मेथीतसुद्धा पांडुरंग शोधतील. म्हणून मी तुम्हांला तुम्हांला आवडेल तेच दिलं. दार म्हणजे देह, पाणी म्हणजे भवसागर, हाक मारू नकोस म्हणजे मोह सोड, आणि दिवा घेऊन उभा आहे तो सद्गुरू. एका दमात सांगून टाकलं. तुम्ही बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "म्हणजे हा इंग्रजी अभंगच झाला की रे!" लगेच पुढच्या गुरुवारी तुम्ही तो देवळात सांगितलातसुद्धा. पखवाजवाले काका म्हणाले, "बुवा, मग पुढच्या वेळी पेटीऐवजी गिटार आणू काय?" सगळे हसले. मीही हसलो, सुटलो म्हणून.

खरं सांगायचं तर तेव्हा मी कॉलेजात नापास झालो होतो आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो आणि मिठागरांच्या बांधावर जाऊन बसायचो. त्या गाण्यात मला सद्गुरू-बिद्गुरू कुणी दिसत नव्हता. पाणी म्हणजे मला पाणीच दिसत होतं.

त्याच आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराची आतली कडी काढलीत. आईने विचारलं तर म्हणालात, गंजली होती. मग मला गुरुवारी जबरदस्तीने देवळात न्यायला लागलात, हातात झांजा दिल्यात, आणि मी ताल चुकलो तरी कधी ओरडला नाहीत. मी मनातून खूप चिडायचो. त्यात तुमचं ते पाणी! मी आत बसलो की दर थोड्या वेळाने तुम्ही यायचात, माठातून तांब्या भरायचात, दोन घोट घ्यायचात, जायचात. पुन्हा यायचात. एकदा मी म्हणालोसुद्धा, "अण्णा, तांब्या बाहेरच घेऊन जा ना एकदाचा." तुम्ही म्हणालात, "राहू दे रे, माठातलं गार लागतं." मला वाटायचं, म्हातारा माणूस, खोड लागली आहे. तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाचेसुद्धा नव्हता.

काल रविवारी दुपारी मी दार वाजवलं आणि हसत-हसत, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, एवढं काय आहे त्या गाण्यात?" ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "अरे बाबा, ते डीप आहे. स्पिरिच्युअल. दार म्हणजे बॉडी, तो लाइटवाला म्हणजे गॉड टाइप. लोकांनी केवढं लिहिलंय त्यावर, वाच ना तू." अण्णा, मी हॉलमध्ये येऊन खरंच वाचत बसलो. कुणी म्हणतं देव, कुणी म्हणतं नशा, कुणी म्हणतं गाणाऱ्याची आई वारली होती, तो दिवा तिचा. कुणी बायबल काढलंय, कुणी गीता. एकाने तर लिहिलंय की ह्याला काही अर्थच नाही, यमक जुळवलंय नुसतं. मला त्यातला एकही नको होता. माझ्या पोरीने कुठला घेतलाय, एवढंच मला हवं होतं. आणि तिने मला दिलेला अर्थ खोटा असू शकतो, हे ह्या जगात माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

ती अंघोळीला गेली तेव्हा मी पेचकस घेतला आणि तिच्या दाराची कडी काढली. बायको आली. "अहो, काय चाललंय हे?" मी म्हणालो, "गंजली होती." शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी तिथेच खाली बसलो. अण्णा, आपली ती कडी स्टीलची होती. तुमच्याच कारखान्यातून आणलेली, तुम्ही स्वतःच्या हाताने चकचकीत केलेली, त्याच दिवाळीला लावलेली. जन्मभर स्टील घासलेला माणूस म्हणतो की स्टील गंजलं, आणि मी ते खरं मानतो! आणि तो अर्थ? तो तरी माझा कुठे होता? देह, भवसागर, मोह, सद्गुरू, सगळा माल तुमच्याच गुरुवारचा. तुमचंच निरूपण मी तुम्हांला ऐकवलं होतं. तुम्ही ते ओळखलं नाही, असं कसं होईल? म्हणून बघत बसला होतात माझ्या तोंडाकडे.

तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही कडी काढलीत, झांजा दिल्यात, आणि माझं नशीब, तेवढ्याने भागलं. पण तेवढ्यावर माझ्या पोरीला सोडायचं धाडस मला नाही. ती केस पुसत बाहेर आली, दाराकडे बघितलं, माझ्या हातातल्या कडीकडे बघितलं. आता आरडाओरडा करणार असं वाटलं. मी जमिनीवर बसल्या-बसल्याच विचारलं, "बाळा, तुला जगावंसं वाटत नाहीये का?"

ती टॉवेल तसाच हातात धरून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुला कसं कळलं?"

मी सांगितलं तिला. नापास झालेलं, डबा, बांध, सगळं. बायकोलाही हे तोवर माहीत नव्हतं, तीही दारात उभी राहून ऐकत होती. मग पोर बोलायला लागली ती अंधार पडेपर्यंत. ती काय बोलली ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. आज सकाळी तिघं डॉक्टरांकडे जाऊन आलो. परवा पुन्हा बोलावलंय. बाई चांगल्या आहेत, घाई करत नाहीत.

पण भीती गेली असं नाही, अण्णा. तुमची कधी गेली, तेवढं सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, वहीत राहील. आता दुपारचे तीन वाजलेत, ती आत पडली आहे आणि फ्रीजकडे जायची वाट तिच्या दारावरूनच आहे. एवढं लिहीपर्यंत मी चार वेळा उठून पाणी प्यायलोय. मला तहान लागलेली नाही.